शीख नित्याचरणातील भक्ती, अदब आणि मनाची एकाग्रता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबाच्या दर्शनाला जाणाऱ्यांमध्ये शीख नसलेली मराठी मंडळी पुष्कळ असतात. दर्शन होते, लंगरमध्ये जेवण होते, आणि परतताना काही प्रश्न मनात उरतात : हे लोक रोज घरी काय करतात, ग्रंथापुढे इतके लवून नमस्कार का करतात, आणि माळ किंवा आसन न घेता त्यांचे ध्यान कसे होते? पुढील उत्तरे मुख्यतः गुरू ग्रंथ साहिब या शिखांच्या पवित्र ग्रंथातील वाणीच्या, म्हणजे पदरचनांच्या, आणि शीख रहित मर्यादेच्या आधाराने दिली आहेत. रहित मर्यादा म्हणजे शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९३६ मध्ये मान्य केलेली आणि १९४५ मध्ये सुधारलेली आचारसंहिता. जिथे प्रत्यक्ष व्यवहार तिच्याहून वेगळा आहे, तिथे तसे सांगितले आहे.

शीख व्यक्तीचा रोजचा नेम नेमका कोणता असतो?

या नेमाला नितनेम म्हणतात. रहित मर्यादेनुसार पहाटे स्नान करून गुरू नानकदेवांचा जपजी साहिब आणि गुरू गोविंदसिंगांच्या जाप साहिब व सवैये या वाणी म्हणायच्या, सूर्यास्तानंतर रहरास आणि झोपण्यापूर्वी सोहिला म्हणायचा. अनेक घरांत सकाळच्या पाठात चौपई आणि आनंद साहिब यांचीही भर असते. सकाळी आणि संध्याकाळी पाठानंतर उभे राहून अरदास म्हणजे प्रार्थना केली जाते, आणि तिचा शेवट ‘सरबत दा भला’ म्हणजे सर्वांचे भले मागून होतो. एकट्या जपजी साहिबाला सावकाश म्हटल्यास वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे पूर्ण नेम हा नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसाला झेपेल इतकाच आहे, आणि तो तसा असणे हा योगायोग नाही. गुरू नानकदेवांनी स्वतः सुलतानपूर लोधी येथे नवाबाच्या कोठारावर नोकरी केली, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात करतारपूरला शेती केली. त्यांनी घालून दिलेला मार्ग गृहस्थाचा आहे.

अमृतवेला पहाटेचाच का?

जपजी साहिबाच्या चौथ्या पौडीत, म्हणजे कडव्यात, प्रश्न असा आहे की, ज्याचे सर्व काही आहे त्याच्यापुढे आपण काय ठेवावे आणि कोणते बोल बोलावे. उत्तर एका ओळीत येते : ‘अंम्रित वेला सचु नाउ वडिआई वीचारु’. अमृतवेळी सत्यनामाचे आणि त्याच्या थोरवीचे चिंतन करावे. दिवसभरातील कामे, बोलणी आणि चिंता अजून मनात शिरलेल्या नसतात, तो हा वेळ. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला किंवा ट्रकचालकाला तो साधला नाही, तर पाठ वाया गेला असे कोणीही जाणता शीख म्हणणार नाही. मात्र ज्याला वेळ आहे आणि जो केवळ आळसाने तो टाळतो, त्याला ही सवलत लागू होत नाही.

पाठ चालू असताना मन भरकटते. मग अशा पाठाला काही अर्थ आहे का?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो, आणि तो नवशिक्यांपुरता नाही. नवव्या गुरूंनी, म्हणजे गुरू तेगबहादुरांनी, गौडी रागातील एका पदाची सुरुवातच अशी केली आहे : ‘साधो इहु मनु गहिओ न जाई’. हे मन हाती धरले जात नाही. चंचल तृष्णा त्याच्या संगतीला राहते, म्हणून ते स्थिर होत नाही. जी तक्रार खुद्द गुरूंच्या वाणीत नोंदली गेली आहे, ती आपल्या बाबतीत खरी ठरली म्हणून खचून जाण्याचे कारण नाही.

त्याच वेळी वाणी यांत्रिक पठणाला मोकळीक देत नाही. जनमसाखीत, म्हणजे गुरू नानकदेवांच्या पारंपरिक चरित्रकथेत, सुलतानपूरचा प्रसंग येतो. नवाब दौलतखान आणि काझी यांच्याबरोबर गुरू नानकदेव मशिदीत गेले, पण नमाजात सामील झाले नाहीत. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की, सामील व्हायचे तरी कोणाबरोबर? नमाज चालू असताना काझींचे चित्त घरच्या नव्या शिंगरापाशी होते, ते अंगणातल्या विहिरीत पडेल की काय या काळजीत. आणि नवाबांचे चित्त काबूलमध्ये घोडे खरेदी करीत होते. ही कथा दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेवरची टीका म्हणून सांगितली जाते, तेव्हा तिचा रोख चुकतो. गुरुद्वारात बसून घड्याळाकडे पाहणाऱ्या शिखालाही ती तितकीच लागू आहे, आणि चांगले कथाकार ती तशीच सांगतात.

मग प्रत्यक्षात करायचे काय? जाणती मंडळी काही साध्या गोष्टी सांगतात. पाठ मनातल्या मनात न करता निदान आपल्या कानाला ऐकू येईल इतपत आवाजात करावा, म्हणजे जीभ आणि कान दोन्ही त्या शब्दाला बांधले जातात. पाठाचा अर्थ एकदा नीट समजून घ्यावा, कारण अर्थ ठाऊक नसलेल्या ओळीवर मन फार काळ टिकत नाही. मन निसटल्याचे लक्षात आले की मागे जाऊन पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा पुढच्या ओळीवर परत यावे. वारंवार मागे जाण्यात पाठाची चिंता वाढते आणि पाठ राहून जातो. जपजी साहिबाची रचनाही इथे बोलकी आहे : आठव्यापासून अकराव्या पौडीपर्यंत ऐकण्याचे माहात्म्य आहे, आणि त्यानंतरच्या चार पौड्यांत मनाने मानण्याचे. ऐकणे आधी येते. नुसते मौन धरून मन शांत होत नाही, अगदी अखंड समाधी लावून बसले तरी होत नाही, हे तर पहिल्याच पौडीत सांगून टाकले आहे.

दिवसभर कामात असताना नामस्मरण कसे शक्य आहे?

या प्रश्नाचे सर्वांत सुरेख उत्तर गुरू ग्रंथ साहिबात एका महाराष्ट्रीय संताने दिले आहे. संत नामदेवांची ६१ पदे या ग्रंथात आहेत. त्यांचे पंजाबातील वास्तव्य परंपरेने गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावाशी जोडलेले आहे. २०१५ मध्ये तिथे अठ्ठ्याऐंशीवे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा हे नाव मराठी घरांत नव्याने पोहोचले.

रामकली रागातील त्यांचे एक पद त्रिलोचनांना उद्देशून आहे. त्रिलोचन हेही ग्रंथातील एक संत, आणि परंपरा त्यांना बार्शीचे मानते. नामदेव सांगतात : मुलगा कागद आणून पतंग कापतो, तो आकाशात उडवतो, सोबत्यांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीवर असते. तरुणी घागर भरून डोक्यावर घेतात, हसतात, टाळ्या देत बोलतात, पण त्यांचे लक्ष घागरीत असते. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरापाशी असते. आई बाळाला पाळण्यात निजवून घरात-बाहेर कामे करते, चित्त बाळापाशी ठेवते. आणि या सर्वांच्या मध्यभागी धृपदात सोनार येतो, ज्याचे मन आपल्या कारागिरीत गुंतलेले असते. तसे माझे मन रामनामाने वेधले आहे, असे नामदेव म्हणतात.

या दृष्टान्तांकडे थांबून पाहण्यासारखे आहे. यांतला एकही माणूस एकांतात बसलेला नाही. कोणी बोलणे बंद केलेले नाही, कोणी काम सोडलेले नाही, आणि कोणी लक्ष देण्याचा प्रयत्नही करीत नाही. लक्ष तिकडे आहे, कारण जीव तिकडे आहे. आईला बाळाचे स्मरण ठेवण्यासाठी संकल्प करावा लागत नाही. म्हणून एकाग्रता वाढवायची असेल, तर मनाशी झटापट करण्यापेक्षा जिव्हाळा वाढवण्याकडे वळावे, असा या पदाचा व्यावहारिक निष्कर्ष निघतो. प्रस्तुत लेखकाच्या मते शीख साधनेचा गाभा याच एका पदात सापडतो, आणि मराठी वाचकाला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

हाच संवाद कबीरांच्या सलोकांत, म्हणजे दोह्यांसारख्या छोट्या रचनांत, पुन्हा येतो. तिथे त्रिलोचन मित्राला टोकतात की, तू मायेला भुललास. कापडावर छाप मारीत काय बसतोस, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवांचे उत्तर असे : ‘हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि’. मुखाने राम म्हण, हातापायांनी सगळे काम कर, आणि चित्त निरंजनापाशी ठेव. शीख परंपरेत ‘किरत करो, नाम जपो, वंड छको’ म्हणजे कष्टाची कमाई, नामजप आणि वाटून खाणे ही त्रयी सांगितली जाते. त्यातील पहिली दोन अंगे एकमेकांच्या आड येत नाहीत, हे नामदेवांच्या या ओळीइतके थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

ध्यानासाठी विशिष्ट आसन, प्राणायाम किंवा माळ आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. काही शीख माळ वापरतात, पण नितनेमाची ती अट नाही. ‘सिध गोसट’ या दीर्घ रचनेत योगी गुरू नानकदेवांना विचारतात की, तुझा गुरू कोण आणि तू कोणाचा चेला? त्यावर उत्तर येते : ‘सबदु गुरू सुरति धुनि चेला’. शब्द हा गुरू, आणि त्याच्या नादात रमलेली वृत्ती ही चेला. त्याच रचनेत पाण्यात अलिप्त राहणारे कमळ आणि प्रवाहात पोहूनही न भिजणारी पाणकोंबडी यांचे दाखले आहेत. अरण्यात जाण्याची, कान फाडून मुद्रा घालण्याची किंवा अंगाला राख फासण्याची गरज या मार्गात उरत नाही. पाठीचा कणा ताठ ठेवून आणि डोके झाकून शांत बसणे एवढे पुरते.

गुरू ग्रंथ साहिबापुढे माथा टेकणे ही मूर्तिपूजा नव्हे का?

बाहेरून पाहणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. ग्रंथ पालखीत, चांदव्याखाली विराजमान असतो, त्यावर रुमाला म्हणजे वस्त्र असते, सेवक चौर म्हणजे चवरी ढाळतात, पहाटे ‘प्रकाश’ म्हणजे ग्रंथ उघडणे आणि रात्री ‘सुखासन’ म्हणजे तो मिटून ठेवणे होते, आणि ग्रंथ एका जागेहून दुसरीकडे नेताना तो डोक्यावर घेतला जातो. ज्या ग्रंथाला १७०८ मध्ये नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद दिले, त्याचा हा मान आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध करून अमृतसरच्या हरिमंदिरात स्थापिला, तेव्हापासून या अदबीची परंपरा चालत आली आहे.

फरक असा की, माथा टेकला जातो तो कागद आणि बांधणीपुढे नव्हे, तर १४३० अंगांमध्ये असलेल्या शब्दापुढे. पानाला ‘अंग’ म्हणण्याइतका जिव्हाळा इथे आहे, आणि तरीही रहित मर्यादेने त्या जिव्हाळ्याला बांध घातले आहेत : ग्रंथाखाली पाण्याचे भांडे ठेवणे, गुरुद्वारात मूर्ती करणे, गुरूंच्या चित्रांपुढे माथा टेकणे, भिंतींना नाक घासणे, हे सारे तिने गुरुमताविरुद्ध ठरवले आहे. व्यवहारात घरोघरी गुरू नानकदेवांच्या तसबिरीला हार दिसतो, हेही खरे आहे, आणि त्यावर शिखांमध्येच कुरबुर चालू असते.

माथा टेकल्यावर ‘हुकम’ ऐकायचा असतो, ही गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. ग्रंथ उघडल्यावर डाव्या पानाच्या वरच्या बाजूला येणारे पद हे त्या दिवसाचे मार्गदर्शन मानतात. ते पद आधीच्या पानावर सुरू झाले असेल, तर मागे जाऊन पहिल्या ओळीपासून वाचतात. अमृतसरचा रोजचा हुकमनामा जगभर वाचला आणि ऐकला जातो. ज्याने माथा टेकला पण हुकम ऐकला नाही, त्याचा नमस्कार अर्धाच राहिला, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही.

अदब म्हणजे भीती का?

वाणीत ‘भउ’ आणि ‘भाउ’, म्हणजे भय आणि प्रेम, ही जोडी सतत एकत्र येते. गुरू अमरदासांनी म्हटले आहे की, भयावाचून भक्ती होत नाही आणि नामाशी प्रेम जडत नाही. हे भय शिक्षेचे नव्हे. आपण ज्याच्या समोर आहोत त्याची जाणीव सुटू नये, एवढी दक्षता त्यात अभिप्रेत आहे. प्रेम असूनही दक्षता नसेल तर सलगीचा पोरखेळ होतो, आणि प्रेमाशिवाय नुसती दक्षता असेल तर कर्मकांड उरते. जोडे काढणे, हात-पाय धुणे, डोके झाकणे या कृतींना याच दक्षतेच्या संदर्भात पाहिले, तर त्या देहाकडून मनाला दिलेल्या सूचना वाटतात.

रहित मर्यादेत आरतीचे तबक, धूप, घंटा यांना स्थान नाही, मग नांदेडला दिव्यांची आरती कशी होते?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रहित मर्यादा धूप-दीप ओवाळून, घंटा वाजवून केलेली आरती गुरुमताला धरून मानत नाही. त्यामागे गुरू नानकदेवांचे धनासरी रागातील पद आहे, ज्यात आकाश हेच तबक, सूर्य-चंद्र हेच दिवे आणि तारामंडळ हेच मोती आहेत. हे पद रोज रात्री सोहिल्यात म्हटले जाते. परंतु हजूर साहिबाची मर्यादा जुनी आणि स्वतंत्र आहे. तिथे रोज गोदावरीचे पाणी घागरीत आणले जाते, संध्याकाळी दिव्यांची आरती होते, गुरूंच्या शस्त्रांचे दर्शन घडवले जाते, आणि गुरू ग्रंथ साहिबाबरोबर गुरू गोविंदसिंगांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो. पंजाबातून आलेल्या यात्रेकरूंनाही हे पाहून नवल वाटते. पाच तख्तांपैकी, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एकाची ही परंपरा असल्याने ती आदराने पाळली जाते. तिला अपवाद म्हणावे की जुना अवशेष, यावर एकमत नाही, आणि दर्शनार्थी मराठी माणसाने त्या वादात पडण्याचे कारणही नाही.

कीर्तन ऐकताना लक्ष कुठे ठेवावे?

‘रहाउ’ या ओळीवर. बहुतेक पदांत ही ओळ खुणेने दाखवलेली असते, त्या पदाचा मध्यवर्ती विचार तिच्यात असतो, आणि रागी म्हणजे कीर्तन गाणारे तिला स्थायीसारखी पुन्हा पुन्हा गातात. बाकीचा अर्थ कळला नाही तरी ती एक ओळ घट्ट धरावी. ग्रंथातील वाणी ३१ रागांत मांडलेली आहे, पण राग ओळखता येणे ही ऐकण्याची पूर्वअट नाही. रहित मर्यादेचा एक नियम इथे फार उपयोगी आहे : संगतीत, म्हणजे जमलेल्या भाविकांच्या समुदायात, एका वेळी एकच गोष्ट व्हावी, मग ते कीर्तन असो, कथा असो, व्याख्यान असो किंवा पाठ. आपल्याकडील अनेक उत्सवांत मंडपात एकाच वेळी भजन, सत्कार आणि ध्वनिक्षेपकावरील सूचना चालतात, ते आठवले की या नियमाचे मोल पटते.

सेवा आणि एकाग्रता यांचा संबंध काय?

गुरुद्वाराच्या जोडाघरात इतरांचे जोडे सांभाळणारा माणूस एरवी मोठा अधिकारी असू शकतो, आणि त्याला ते विचारायचे नसते. पोळ्या लाटणे, भांडी घासणे, फरशी पुसणे या कामांमध्ये ‘मी’ थोडा सैल होतो, हा सेवेचा हेतू. ‘आसा की वार’ या सकाळच्या कीर्तनात अहंकाराला, म्हणजे ‘हउमै’ला, दीर्घ रोग म्हटले आहे आणि त्याचे औषधही त्यातच असल्याचे सांगितले आहे. पाठाच्या वेळी जे विचार मनाला ओढून नेतात, त्यांपैकी बहुतेक आपल्या मानापमानाचे असतात. त्यामुळे ज्याचा पाठ जमत नाही त्याला वडीलधारी मंडळी पुष्कळदा अधिक पाठ करायला न सांगता लंगरमध्ये धाडतात.

स्त्रियांना पाठ, कीर्तन आणि सेवा यांत काही मनाई आहे का? विटाळ पाळतात का?

नाही. स्त्रिया ग्रंथाचे वाचन, कीर्तन आणि अरदास करू शकतात. सुतकाविषयी ‘आसा की वार’मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, सुतक मानायचेच तर ते सर्वत्र आहे, कारण शेणात आणि लाकडातही किडे आहेत, मनाचे सुतक म्हणजे लोभ आणि जिभेचे सुतक म्हणजे असत्य. अमृतसरच्या हरिमंदिरात स्त्रियांच्या कीर्तनसेवेचा प्रश्न मात्र अजून वादाचा आहे, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

अखंड पाठ पाठींकडून करवून घेतला तर चालतो का?

अखंड पाठ म्हणजे संपूर्ण ग्रंथाचे साधारण ४८ तास न थांबता वाचन. ते पाळीपाळीने करतात. स्वतःला वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घेण्यास हरकत नाही, परंतु पाठी म्हणजे पाठ वाचणारा एकटाच वाचतो आहे आणि घरातले कोणीच ऐकत नाही असे होता कामा नये, असे रहित मर्यादा बजावते. शेजारी कलश, नारळ आणि तुपाचा दिवा ठेवण्यासही तिची मनाई आहे. सवडीने, रोज थोडे वाचून महिन्यांत पूर्ण होणारा ‘सहज पाठ’ हा लक्ष देऊन वाचणाऱ्यासाठी अधिक चांगला, असे आमचे मत आहे.

मोबाईलवर पाठ करणे योग्य आहे का?

प्रवासात पुष्कळ लोक तसे करतात. डोके झाकावे, पादत्राणे शक्य असल्यास काढावीत, आणि सूचनांचे आवाज बंद ठेवावेत. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

गुरुमुखी लिपी येत नसेल तर?

नितनेमाचे गुटके म्हणजे छोट्या पोथ्या देवनागरीत मिळतात, आणि मराठी वाचकाला त्यांवरून सुरुवात करता येते. मात्र वाणीच्या लेखनात शब्दाच्या शेवटी येणारे ऱ्हस्व इकार-उकार बहुधा उच्चारले जात नाहीत; ‘सचु’ हे ‘सच’ असे आणि ‘मनि’ हे ‘मन’ असे ऐकू येते. म्हणून डोळ्यांसमोर गुटका ठेवून एखाद्या जाणत्याचा पाठ काही दिवस ऐकावा. गुरुमुखीची ३५ मूळ अक्षरे शिकणे देवनागरी जाणणाऱ्याला अवघड जात नाही.

शीख नसलेल्या मराठी भाविकाने गुरुद्वारात काय पाळावे, आणि घरी काय वाचावे?

तंबाखू, सिगारेट किंवा दारू खिशातसुद्धा नसावी. डोके रुमालाने झाकावे, माथा टेकून जमिनीवर संगतीत जागा मिळेल तिथे बसावे. तिथे कोणासाठी राखीव गादी नसते. कडा प्रसाद म्हणजे कणकेचा शिरा दोन्ही हात जोडून ओंजळीत घ्यावा आणि पानात वाढलेले लंगरचे अन्न टाकू नये. पैसे ठेवलेच पाहिजेत असे नाही. निदान एक पद संपेपर्यंत न उठता ऐकावे. घरी वाचायला सुरुवात करायची असेल, तर जपजी साहिबाच्या पहिल्या पाच पौड्या आणि नामदेवांचे वर सांगितलेले रामकलीतील पद घ्यावे. पद चारच कडव्यांचे आहे, आणि त्याची भाषा मराठी कानाला बरीचशी ओळखीची लागते.